मोडलेले हाड व आखडलेला सांधा : दुखापतीनंतरचा व्यायाम व त्याविषयीचे गैरसमज
(लेखक : एक सेवानिवृत्त महसूल कारकून, मौजे न्हावरे, तालुका शिरूर)

बैल लंगडला असता जाणता शेतकरी काय करतो हे आपणां सर्वांस ठाऊक आहे. प्रथम तो त्यास आठ-दहा दिवस औतास लावीत नाही. सूज उतरली म्हणजे मोकळाच फिरवितो. पुढे हलके कुळव, मग रिकामी गाडी, आणि पाय भरवशाचा झाला असे दिसल्यावरच नांगर. बैल आता थोड्याच गोठ्यांत उरले आहेत, तरी हे शहाणपण आपल्या पिढीपर्यंत टिकून आहे. परंतु धनी स्वतः पडला, त्याचा हात मोडला अथवा पाय मुरगळला, की हेच शहाणपण तो विसरतो. एक तर तो चौथ्या दिवशी मोटारीचे पाणी धरण्यास जातो, नाही तर तीन महिने खाटेवरून उठत नाही. पहिल्याने दुखणे चिघळते. दुसऱ्याने हाड सांधते, पण अवयव कामातून जातो.

घोड व भीमा या नद्यांमधल्या आपल्या मुलखात उसाची तोडणी, ट्रॉलीची भरणी, कांद्याच्या गोण्यांची चढउतार आणि मोटारसायकलचा प्रवास ही कामे नित्याची असल्याने दुखापत झाली नाही असे घर विरळा. सबब दुखापतीनंतर शरीर पुन्हा कामास कसे लावावे, याविषयी चार शब्द लिहीत आहे. मी वैद्य नाही; माझी हयात दप्तरात गेली. ह्या विषयाची ओळख मला स्वतःच्या चुकांतून झाली, म्हणून प्रथम त्या चुकांचीच हकीकत देतो.

स्वानुभव

दोन वर्षांपूर्वी भाद्रपदात पावसाची झड लागली असता कडब्याच्या गंजीवरील ताडपत्री वाऱ्याने उडाली. ती बांधण्यास शिडीने वर चढलो आणि उतरताना पाय निसटून उजव्या हातावर पडलो. मनगटाजवळचे हाड मोडले. डॉक्टरांनी हाड बसवून प्लास्टर घातले व सहा आठवड्यांनी येण्यास सांगितले. बोटे, कोपर व खांदा हलवीत राहा, असेही त्यांनी बजावले होते. ते मी कानाआड केले. हात गळ्यात अडकवून ओसरीवर बसून राहिलो. येणारा-जाणारा म्हणे, “अण्णा, हात हलवू नका, हाड सरकेल.” मलाही तेच ऐकावयाचे होते.

प्लास्टर निघाले. क्ष-किरणांच्या चित्रात हाड उत्तम सांधलेले दिसले. परंतु मनगट लाकडासारखे झाले होते, मूठ वळत नव्हती आणि खांदा छातीच्या वर जात नव्हता. सदरा घालावयास घरातले माणूस लागे. तेव्हा कोणा एकाच्या सांगण्यावरून मी एका मालिश करणाराकडे गेलो. त्याने गरम तेलाने रगडून व हिसके देऊन सांधा मोकळा करण्याचा यत्न केला. तिसऱ्या दिवशी हात सुजला आणि होती नव्हती ती हालचालही बंद पडली.

नोव्हेंबर महिन्यात निवृत्तिवेतन घेणाराने बँकेत हयातीच्या दाखल्यावर सही करावयाची असते. मी केलेली सही जुन्या सहीशी जुळेना. तीन वेळा केली, तिन्ही निराळ्या आल्या. अखेर अंगठा द्यावा लागला. नोकरीत असता मी असंख्य लोकांचे अंगठे कागदांवर घेतले. त्या दिवशी माझा घेतला गेला. अंगठा देण्यात कमीपणा नाही. परंतु लिहिता हात केवळ बसवून ठेवल्यामुळे गेला, ही गोष्ट मनास फार लागली.

त्यानंतर मी शिरूरास एका भौतिकोपचार करणाऱ्या, म्हणजे ज्यास आपण फिजिओथेरपी म्हणतो ती करणाऱ्या, बाईंकडे गेलो. वयाने त्या माझ्या मुलीएवढ्या. त्यांनी प्रथम हाताचे माप घेतले. निरोगी हात समोरून वर नेला असता सुमारे १८० अंशांपर्यंत जातो. माझा ७० वर अडला. मोजणी कागदावर मांडून त्या म्हणाल्या, “काका, हाड डॉक्टरांनी जोडलं. हात मात्र तुम्हालाच परत आणावा लागेल. मी वाट दाखवीन.”

त्यांनी जे व्यायाम सांगितले त्यांस एक पैचाही खर्च नव्हता. ओणवे होऊन चांगला हात टेबलावर टेकावयाचा व दुखरा हात सैल सोडून लंबकासारखा हलवावयाचा. भिंतीसमोर उभे राहून बोटे भिंतीवरून वर वर चालवावयाची आणि जेथे थांबतील तेथे खूण करावयाची. दोन्ही हातांनी काठी धरून चांगल्या हाताच्या बळाने दुखरा वर न्यावयाचा. कणकेचा गोळा दाबावयाचा व ओले फडके पिळावयाचे. दिवसातून तीन वेळा, प्रत्येक प्रकार दहा वेळा. भिंतीवरील खुणांची नोंद मी तारीखवार वहीत ठेवू लागलो. ते काम मला येत होते. पहिल्या पंधरवड्यात खूण दोन बोटेच वर सरकली आणि मी निराश झालो. परंतु त्या बाई म्हणाल्या की, दोन बोटे वर गेली याचा अर्थ वाट खुली आहे. पुढे चैत्रापर्यंत हात १५० अंशांवर आला. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात मी बँकेत जाऊन सही केली. ती थोडी कापरी होती, पण माझी होती.

हाड सांधणे निराळे, अवयव चालता होणे निराळे

हाड सांधण्याचे काम निसर्ग करतो. मोडल्या ठिकाणी प्रथम रक्त साकळते, मग मऊ जोड बनतो आणि काही आठवड्यांत तो टणक होतो. मनगटास साधारण पाच-सहा आठवडे, तर नडगीच्या हाडास तीन-चार महिने किंवा त्याहूनही अधिक काळ लागतो. ह्या मुदतीत मोडलेला भाग स्थिर राहिला पाहिजे, याविषयी वाद नाही.

परंतु त्या हाडाभोवती स्नायू असतात, स्नायू हाडास बांधणाऱ्या कंडरा असतात, सांध्याभोवती पिशवीसारखे आवरण असते. ह्यांस काम नसले की स्नायू रोडावतो. प्लास्टर काढल्यावर पोटरी बारीक दिसते ती ह्याच कारणाने. सांध्याचे आवरण आकसते व त्याचे पदर एकमेकांस चिकटतात. रान पडीक टाकले म्हणजे हरळी माजते आणि ती मुळे खोल सोडते, तसाच हा प्रकार आहे. हरळी एका नांगरटीत जात नाही, आणि हिसका देऊन सांधाही मोकळा होत नाही. कंडरा व सांधे बांधणारे अस्थिबंध यांस रक्ताचा पुरवठा कमी असल्याने ते सावकाश भरून येतात. त्यांत जे नवे तंतू तयार होतात ते ज्या दिशेने ताण पडेल त्या दिशेने रचले जातात. ताण मुळीच नसेल तर ते वेडेवाकडे पडतात व कच्चे राहतात. म्हणून दुखापत भरत असतानाच बेताबेताने ताण देणे हे उपचाराचेच अंग होय. ज्यांस मधुमेह आहे त्यांचा खांदा आखडण्याचा धोका इतरांहून अधिक असतो. त्यांनी विशेष जपावे.

ही विद्या काल-परवाची नव्हे. लंबकासारखा हात हलविण्याची जी रीत मी वर सांगितली, ती अमेरिकेतील डॉ. कॉडमन यांच्या नावाने ओळखली जाते. खांद्याविषयी त्यांचा ग्रंथ १९३४ साली निघाला. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, १९४५ साली, त्याच देशातील डॉ. डीलॉर्म यांनी गुडघे दुखावलेल्या सैनिकांकडून क्रमाक्रमाने वजन वाढवून व्यायाम करविण्याची पद्धत प्रसिद्ध केली. आपल्या पुण्यात लष्कराचे कृत्रिम अवयव केंद्र १९४४ पासून आहे. मुंबईस परळच्या के. ई. एम. रुग्णालयात पोलिओच्या साथीनंतर, १९५३ साली, भौतिकोपचाराची शाळा निघाली. इतकी वर्षे ही विद्या आपल्या जवळपास असता खेड्यांत तिच्याविषयी जे गैरसमज आढळतात, ते आता क्रमाने पाहू.

गैरसमज पहिला : विश्रांती जितकी अधिक तितका गुण लवकर

कमरेत उसण भरली की महिनाभर अंथरूण धरणारे पुष्कळ आहेत. अमेरिकेत १९८६ साली कंबरदुखीच्या काही रोग्यांस दोन दिवस व काहींस सात दिवस निजून राहण्यास सांगून तुलना करण्यात आली. दोन दिवसवाले बरे होण्यात मागे पडले नाहीत. उलट त्यांचे कामाचे खाडे कमी झाले. तीच गोष्ट मुरगळण्याची. विश्रांती, बर्फ, पट्टी व अवयव उंच ठेवणे हा नियम डॉ. मर्किन यांनी १९७८ साली रूढ केला. पुढे त्यांनीच लिहिले की, पूर्ण विश्रांती व बर्फाचा अतिरेक यांनी भरून येण्यास विलंब होऊ शकतो. पहिले दोन-चार दिवस जपावे. त्यानंतर सोसेल तितकी हालचाल सुरू करावी.

गैरसमज दुसरा : दुखले म्हणजे बिघडले

ह्याच्या उलट दुसरा पक्ष म्हणतो की, कळ निघाल्यावाचून गुण नाही. दोन्ही मते चुकीची. आखडलेला सांधा ताणताना थोडे दुखणारच. मला सांगितलेली कसोटी अशी : व्यायामाचे दुखणे सोसण्याजोगे असावे व दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत ते पूर्ववत व्हावे. सकाळी सूज किंवा ठणका वाढलेला दिसला तर आदल्या दिवशीचे प्रमाण जास्त झाले असे समजून ते निम्मे करावे; व्यायाम टाकून देऊ नये. पाटास पाणी किती सोडावे हे वाफा पाहून ठरवितो, त्याप्रमाणे हे आहे. सवय नसलेले काम केल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी अंग दुखते, ते आम्ल साचल्यामुळे, असेही पुष्कळ लोक मानतात. ते आम्ल तासा-दोन तासांतच निघून जाते. दुखते ते स्नायूंच्या तंतूंस सूक्ष्म इजा झाल्याने, व ते आपोआप भरून येते.

गैरसमज तिसरा : शेतात राबतो तोच व्यायाम

शेतातील श्रम हे श्रम खरेच. परंतु त्यांत शरीर लबाडी करते. उजवा गुडघा दुखत असेल तर उठता-बसता सारा भार डावा घेतो. काम उरकते, पण उजवी मांडी दिवसेंदिवस दुबळी होत जाते. उपचाराचा व्यायाम नेमका त्या दुबळ्या भागाकडून काम करवून घेतो. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून ती सहा अंक मोजेपर्यंत दाबून धरणे, हा प्रकार दिसावयास क्षुल्लक आहे. परंतु मांडीचा स्नायू जागा करण्यास तो फार उपयोगी पडतो.

ह्या बाबतीत स्त्रियांचे हाल अधिक. आमच्या नात्यातील एका वहिनींचा पाय बांधावर मुरगळला. घरकाम थांबले नाही, पाणी भरणे थांबले नाही, आणि “चालते-फिरते आहेच की” असे म्हणून कोणी विचारलेही नाही. पुढे तोच घोटा वर्षात तीन वेळा मुरगळला. कारण असे की, मुरगळल्याने तोल सांभाळण्याची सांध्याची जाणीवही मंदावते व ती कामाने आपोआप परत येत नाही. भिंतीचा आधार जवळ ठेवून त्या एका पायावर उभे राहण्याचा सराव रोज करावा लागतो. तो त्यांनी सुरू केल्यापासून पाय पुन्हा मुरगळला नाही. घरातील बाई दुखावली असता तिला दिवसातून तीन वेळा दहा मिनिटे मोकळी मिळतील, हे पाहणे घरच्या पुरुषांचे कर्तव्य होय.

गैरसमज चौथा : तेल लावून रगडले की सांधा सुटतो

हलक्या हाताने तेल लावल्यास बरे वाटते, त्यास हरकत नाही. परंतु ताज्या दुखापतीवर जोराने रगडणे घातक आहे. विशेषतः कोपराच्या दुखापतीत असे केल्यास स्नायूंतच हाड तयार होऊ लागते व कोपर कायमचे आखडते. लहान मुलांच्या कोपरास तर कोणास हातही लावू देऊ नये.

ह्याहून मोठा धोका घट्ट बांधलेल्या बांबूच्या कामट्यांचा. आत सूज वाढते, बाहेरून बांध सैल होत नाही, रक्ताची वाट बंद होते. मग काही तासांतच स्नायू मरू लागतात. बांधल्यानंतर असह्य वेदना, बोटे थंड, फिकट किंवा काळीनिळी पडणे, बधिरपणा, बोटे हलवता न येणे, यांपैकी एक जरी लक्षण दिसले, तरी बांध तत्काळ सोडून रुग्णालय गाठावे. प्लास्टरनंतर अशी लक्षणे दिसली तरी सकाळची वाट पाहू नये.

गैरसमज पाचवा : व्यायामाने सांधे झिजतात, म्हातारपणी तो कशाला

सांध्यातील कूर्चेस स्वतःच्या रक्तवाहिन्या नाहीत. सांधा दबतो व सुटतो तेव्हा आतील द्रवातून तिला पोषण मिळते. म्हणजे बेताची हालचाल हेच तिचे अन्न. वयाविषयी म्हणाल तर बॉस्टन येथे १९९० साली सुमारे नव्वदीतील अशक्त वृद्धांकडून आठ आठवडे वजनाचा व्यायाम करविण्यात आला. त्यांच्या पायांची शक्ती सरासरी १७४ टक्के वाढली. त्यांच्यापुढे आपली साठी म्हणजे तारुण्यच.

गैरसमज सहावा : यंत्राचा शेक म्हणजेच उपचार

पुष्कळ रोगी यंत्राखाली पंधरा मिनिटे पडून राहतात, पैसे देतात आणि घरी सांगितलेला व्यायाम करीत नाहीत. शेकाने वेदना काही काळ कमी होते व व्यायाम सुलभ होतो, इतकाच त्याचा उपयोग. दुबळा स्नायू यंत्र सबळ करीत नाही.

गैरसमज सातवा : एकदा अधू तो कायमचा अधू

सांगली जिल्ह्यातील इस्लामपूर भागातले श्री. मुरलीकांत पेटकर हे लष्करात होते व उत्तम मुष्टियोद्धे होते. १९६५ च्या युद्धात त्यांस गोळ्या लागल्या व कमरेखालचे शरीर लुळे पडले. उपचार म्हणून त्यांस पोहण्यास सांगण्यात आले. १९७२ साली जर्मनीतील हायडेलबर्ग येथे अपंगांच्या जागतिक स्पर्धेत ५० मीटर पोहण्यात त्यांनी ३७.३३ सेकंदांचा उच्चांक करून सुवर्णपदक मिळविले. २०१८ साली सरकारने त्यांस पद्मश्री दिली. त्यांचे पाय परत आले नाहीत. व्यायामाने सर्व काही परत येते असे मी म्हणत नाही. परंतु जे शिल्लक आहे ते किती सबळ करता येते, ह्याचा याहून स्पष्ट दाखला महाराष्ट्रात दुसरा नसेल.

डॉक्टरांस विचारावयाचे तीन प्रश्न

प्लास्टर किंवा शस्त्रक्रिया झाल्यावर रुग्णालयातून निघण्यापूर्वी तीन प्रश्न विचारावेत व उत्तरे कागदावर लिहून घ्यावीत. पहिला : कोणता भाग मुळीच हलवावयाचा नाही व किती दिवस? दुसरा : कोणता भाग आजपासूनच हलवावयाचा? तिसरा : भार केव्हा व किती द्यावयाचा? ह्या तीन उत्तरांवाचून घरी येणे म्हणजे चतुःसीमा पाहिल्यावाचून खरेदीखत करणे होय. मी तेच केले.

उपचारास जावयाचे ते शिक्षण घेतलेल्या माणसाकडेच. महाराष्ट्रात ह्या धंद्याची नोंदणी व्यवसायोपचार व भौतिकोपचार परिषदेकडे होते. नोंदणी आहे काय असे विचारण्यात संकोच मानू नये. पुण्यास ससून रुग्णालयात ही सोय आहे. वारंवार जाणे परवडत नसेल तर एकदा जाऊन व्यायाम नीट शिकून घ्यावा, वहीत उतरून घ्यावा, घरी नेमाने करावा आणि महिन्याने दाखवून यावे. व्यायाम चालू असता ताप येणे, पोटरी एकाएकी सुजून दुखणे, पायांतील शक्ती जाणे किंवा लघवी-शौचावरील ताबा सुटणे यांपैकी काही झाल्यास व्यायाम थांबवून तत्काळ डॉक्टरांकडे जावे.

माझ्या घराच्या भिंतीवरील पेन्सिलीच्या खुणा मी रंग देताना तशाच ठेवविल्या आहेत. गावात कोणाचा हात मोडला तर मी त्यास बोलावून त्या दाखवितो. सर्वांत खालची खूण पाहून माणसे हसतात, आणि मग वरपर्यंत मोजू लागतात. वाचकांपैकी कोणाच्या घरी आज एखादा हात गळ्यात बांधलेला असेल, तर त्याची बोटे हलत आहेत काय, एवढे आजच पाहावे, ही विनंती.